ड्रायव्हर का टिकत नाही?

भाजीपाला पहाटे वाशी मार्केटला पोचला नाही, की आपण ड्रायव्हरला बोल लावतो. पण तो गाडीवर टिकत का नाही, हे कोणी विचारत नाही. मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाचे ८ तास ठरवून दिले. मात्र पैसे खेपेवर मिळत असतील तर तास कोण मोजणार? बाजारात माल उतरेपर्यंत ताटकळण्याचा मोबदला बहुधा नाहीच. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे बरे झाले. पण थंड केबिनने झोप भरून निघत नाही. शेतकरी बंधूंनो, लांबची गाडी ठरवताना भाड्याबरोबर दुसरा ड्रायव्हर आहे का, हेही विचारा. डुलकी लागून गाडी उलटली, तर वर्षाचे पीक रस्त्यावर पडते आणि त्याचा जीवही जातो.