दुभाष्याची दस्तुरी

भाषेचा प्रश्न निघाला की मुंबईत चर्चा तत्काळ अस्मितेकडे वळते. शाळेत पहिलीपासून कोणती भाषा शिकवावी, यावरून २०२५ साली महाराष्ट्रात रण माजले आणि हिंदीविषयीचे दोन्ही शासननिर्णय सरकारला २९ जून रोजी रद्द करावे लागले. तो वाद अनाठायी नव्हता. तथापि त्या गदारोळात एक साधा, व्यवहारी प्रश्न मागेच राहिला. ज्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यांच्यातील बोलणे घडवून आणण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. परळ-लालबागचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी उभारली. पुढे गिरण्यांची संख्या वाढली, तसे कोकणातले आणि घाटावरचे शेतकरी, उत्तर हिंदुस्थानातले जुलाहे, तेलंगणातले पद्मशाली विणकर या गिरण्यांत आले. एवढ्या बोलींची माणसे एका छपराखाली जमली, म्हणून साचे थांबले नाहीत. कामानेच कामापुरती भाषा घडविली. इंग्रजी ‘बॉबिन’ची ‘बाबीन’ झाली. ‘बदली’, ‘पाळी’, ‘खाडा’ हे शब्द सर्वांचे झाले. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येईनासा झाला, की हाताच्या खुणेने भागत असे. कामगाराकामगारांतील हे दळणवळण विनामूल्य होते, कारण गरज दोन्ही बाजूंना सारखीच होती.

कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील दळणवळण मात्र महाग होते. कचेरीचा कारभार इंग्रजीत आणि खात्यातले बोलणे देशी भाषांत. या दोहोंच्या मध्ये जॉबर उभा होता. कामावर घेणे, रजा मिळवून देणे, काढून टाकणे, तक्रार वर पोचविणे वा न पोचविणे, हे सारे त्याच्या हातात. भाषा हे त्याच्या सत्तेचे एकमेव कारण नव्हते. परंतु दोन्हीकडचे बोलणे ज्याला कळते, तोच दोन्हीकडे आपल्याला हवे तेवढेच सांगतो. या सेवेची दस्तुरी कामगाराच्या पगारातून जात असे. व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि नोकरभरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावे अशी शिफारस केली. त्या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत हे सांगताना सचोटीच्या जोडीला भाषांवरील प्रभुत्वाचाही आयोगाने उल्लेख केला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कामगारांची भाषा जाणणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

१९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. परंतु परभाषिकांचा परळकडे येणारा ओघ आटलेला नाही. १९२६ साली सुरू झालेले के.ई.एम. आणि १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय यांच्याकडे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांबरोबर आलेली बंगाली, आसामी, ओडिया बोलणारी कुटुंबे महिनोन्महिने राहतात. ज्यांना तेथे जागा मिळत नाही, त्यांतले कित्येक पदपथाचा आश्रय घेतात. शेतजमीन गहाण टाकून आलेल्या अशा कुटुंबाला कळावयाचे असते ते इतकेच: आजार कोणता, उपचार किती दिवस, खर्च किती आणि माणूस वाचणार की नाही.

हे त्याला सांगते कोण? डॉक्टर आणि समाजसेवक मोडक्यातोडक्या हिंदीत शिकस्त करतात. पण खेड्यातून आलेल्या वृद्धेला तीही पुरती कळत नाही. मग शाळेत दोन इयत्ता हिंदी शिकलेला मुलगा आपल्या आईला तिच्याच दुखण्याचे नाव सांगतो, किंवा धीर न होऊन सांगत नाही. गोळी दिवसातून तीनदा घ्यावयाची की तीन दिवसांतून एकदा, एवढ्या घोटाळ्यानेही जीव जाऊ शकतो. आणि जेथे अधिकृत दुभाषी नसतो, तेथे अनधिकृत दुभाष्याला वाव मिळतो. खोली मिळवून देण्याचे, ओळख काढून देण्याचे तो पैसे घेतो. जुना जॉबर नवा वेष घेऊन येतो तो असा.

विसंगती अशी की, फौजदारी न्यायालयात आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल त्या भाषेत सांगितली पाहिजे, हे कायद्याने बंधनकारक आहे. आरोपीला जे मिळते ते रुग्णाला का मिळू नये? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला कळणाऱ्या भाषेत माहिती देण्याचे तत्त्व आहेच. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून दूरध्वनीवरून दुभाषी पुरविण्याची सरकारी सोय आहे. बावीस भाषांना घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान देणाऱ्या देशाला ती अशक्य असण्याचे कारण नाही.

‘मुंबईत यायचे तर मराठी शिका’ असा आक्षेप यावर घेतला जाईल. जो येथे राहावयास, कमवावयास येतो, त्याच्याबाबत ही अपेक्षा रास्तच आहे, आणि गिरणगावाच्या चाळींनी ती पूर्वी सहज पुरीही केली. पण आजार भाषा शिकण्यापुरता थांबत नाही. शिवाय, सिंधुदुर्गातून आलेल्या मराठी रुग्णाच्या हाती जेव्हा इंग्रजी कागद सहीसाठी दिला जातो, तेव्हा त्याची स्थिती त्या बंगाली कुटुंबाहून वेगळी नसते. बँकेच्या खिडकीवर मराठीचा आग्रह धरणारा ग्राहक आणि रुग्णालयात बंगालीतून उत्तर मागणारी आई, दोघे एकाच तत्त्वाची मागणी करीत असतात: समजावून सांगण्याचा भार समर्थ संस्थेवर असावा, अगतिक माणसावर नव्हे.

याला लागणारा पैसा अवाढव्य नाही. मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित दुभाष्यांची काही पदे, इतर भाषांसाठी दूरध्वनीची सोय, आणि राष्ट्रीय सेवा योजनेतून परळ-दादरच्या महाविद्यालयांतील बहुभाषिक विद्यार्थ्यांची मदत, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. भ्रमणध्वनीवरील भाषांतरयंत्र रस्ता विचारण्यास पुरते. शस्त्रक्रियेची संमती घेण्यास त्याच्यावर विसंबून चालणार नाही. हा खर्च टाळल्याने वाचतो, असा हिशेब कोणी मांडत असेल, तर तो चुकीचा आहे. तो खर्च होतच असतो. फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही. पदपथावर बसलेल्या माणसाच्या कनवटीतून जातो.