शिफारसपत्रातील नसलेला रकाना

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन तोंडावर आले, की केंद्रीय गृहखात्याकडून शौर्यपदकांची यादी प्रसिद्ध होते, वर्तमानपत्रे ती राज्यवार आकड्यांत वाटून छापतात, आपल्या राज्याच्या वाट्याला किती आली हे पाहून वाचक पान उलटतो, आणि ज्या कृत्याबद्दल पदक दिले गेले ते कृत्य कोठे घडले, कसे घडले, मुळात घडण्याची वेळ का आली, याची चौकशी करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी राष्ट्रपतींचे पदक १९५१ साली सुरू झाले. त्याचे मूळ मात्र इंग्रजी अमदानीत १९०९ साली निघालेल्या राजाच्या पोलीस पदकात आहे. पुढे पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक, नागरी संरक्षण, तुरुंग अशा एकेका खात्यागणिक पदकांचे पेव फुटले आणि ती सोळांवर गेली. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून त्यांची चारांत गोळाबेरीज झाली. बंबवाला आणि शिपाई आता एकाच नावाच्या पदकाचे मानकरी ठरतात, ही गोष्ट उचितच झाली.

परंतु पदकाचे नाव एक झाले म्हणून त्याच्याकडे जाणारी वाटही एक झाली असे समजण्याचे कारण नाही. शौर्य स्वतःचा अर्ज स्वतः करीत नाही. वरिष्ठाने शिफारस लिहावी, तिला घटनेची कागदपत्रे जोडावीत, ती खात्याच्या मुख्य कचेरीतून राज्याच्या गृहविभागाकडे आणि तेथून दिल्लीस जावी, असा हा शिरस्ता आहे. आणि ज्याने कारकुनी दप्तर जवळून पाहिले आहे त्यास हे सांगावयास नको, की ज्या घटनेची हकीकत ठरीव साच्यात बसते तिचा कागद पुढे सरकतो आणि जी बसत नाही तिच्यावर धूळ बसते. चकमकीची हकीकत या साच्यात फार सुबक बसते: समोर शस्त्रधारी माणूस, त्याने आधी केलेला गोळीबार, आमच्या माणसाने जिवाची पर्वा न करता दिलेले प्रत्युत्तर, आणि शेवटी जप्त मालाची यादी. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींत १३५ माणसे मारली गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, तेव्हा २०१४ च्या सप्टेंबरात दिलेल्या निकालात न्यायालयास असेही बजावून सांगावे लागले, की चकमकीनंतर लगोलग कोणास शौर्याचे बक्षीस अथवा क्रम डावलून बढती देऊ नये आणि शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच काय ते द्यावे. देशाच्या सर्वोच्च न्यायासनास पदकांच्या बाबतीत एवढे बारीक लक्ष घालावे लागले, यातच त्या साच्याची मोहिनी किती आहे ते कळून येते.

आगीला मात्र चेहरा नसतो, तिच्याकडून हत्यार जप्त करता येत नाही, आणि तिच्याविरुद्ध दाखविलेल्या धैर्याची हकीकत खरेपणाने लिहू गेले तर ती लिहिणाऱ्याच्याच अंगावर येण्याचा संभव असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला लागलेल्या आगीचे उदाहरण घ्यावे. जहाजाच्या एकाच तळघरात कापसाच्या गाठी आणि त्यांच्या वर स्फोटके, अशी ती रचना होती. जहाजात एकंदर सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. आणि असला माल वाहणाऱ्या जहाजावर जो लाल बावटा फडकावयास हवा तो त्यावर नव्हता. दुपारी आग दिसली, बंब आले, नळ्या लागल्या, शेकडो टन पाणी तळघरात ओतले गेले. आगीचे नेमके ठिकाण सापडेना आणि जहाजाचा पत्रा बाहेरून तापून त्यावरील रंगाला फोड येऊ लागले. धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचे जाणकार होते, अग्निशमन दलाचे वरिष्ठ होते. पण जहाज तेथेच बुडवावे, ओढून खोल पाण्यात न्यावे, की आग विझवीत राहावे, हा निर्णय अधिकाराने घेईल असा मनुष्य त्यांच्यात एकही नव्हता. प्रत्येक जण आपापल्या अधिकाराच्या कुंपणात उभा होता, आणि कुंपण नसलेले बंबवाले तेवढे डेकवर नळ्या धरून होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले.

त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. (त्याच दिवशी डॉ. आंबेडकरांची जयंती असल्याने लोकांचे लक्ष तिकडे असते, आणि ते साहजिक आहे.) या सहासष्ट जणांच्या धैर्याविषयी कोणाचे दुमत नाही, पण त्यांची हकीकत प्रामाणिकपणे लिहावयाची तर पहिले वाक्य बावट्याचे, दुसरे कापसाच्या गाठींचे आणि तिसरे धक्क्यावर खोळंबलेल्या अधिकाऱ्यांचे लिहावे लागेल, आणि जवानांचे नाव चौथ्या वाक्यात येईल. असे शिफारसपत्र कोणता अंमलदार आपल्या सहीने वर पाठवील? अलीकडची हकीकतही निराळी नाही: मुंबईतील काळबादेवीच्या गोकुळ निवासात ९ मे २०१५ रोजी लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. दक्षिण मुंबईतील जुन्या लाकडी इमारती, त्यांतील गाळे, गोदामे आणि चिंचोळे जिने यांच्या दुरुस्तीचा व परवान्यांचा विषय कोणाच्या टेबलावर किती वर्षे पडून असतो, हे त्या वस्तीत राहणाऱ्या कोणासही विचारावे.

समोर माणूसच असला तरी हा प्रश्न सुटतो असे नाही. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांना २००९ च्या प्रजासत्ताक दिनी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, आणि त्या पदकाचा इतका निर्विवाद मानकरी क्वचितच झाला असेल. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या पोटात घेतल्या, आणि त्यामुळे तो जिवंत सापडून खटल्यास उभा राहिला. प्राणिशास्त्रज्ञांनी तर पुढे महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला तुकारामांचे नाव दिले; ही आदरांजली गृहखात्याला सुचण्यासारखी नव्हती! परंतु स्वयंचलित बंदुकीसमोर या गृहस्थांच्या हाती केवळ लाठी का होती, हे अशोकचक्राच्या मानपत्रात शोधून सापडणार नाही. ते शोधण्यासाठी त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या प्रधान समितीच्या अहवालाकडे जावे लागते, आणि मानपत्र व अहवाल ही दोन कागदपत्रे सरकारदरबारी एकत्र बांधली जात नाहीत. एक संचलनाच्या दिवशी मोठ्याने वाचले जाते, दुसऱ्यावर सभागृहात गदारोळ होतो.

जीवनरक्षा पदक म्हणून आणखी एक पदक १९६१ पासून आहे. बुडणाऱ्याला, आगीत वा खाणीत अडकलेल्याला वाचविणाऱ्या कोणाही नागरिकास ते मिळू शकते, आणि पोलीस वा बंबवाल्यास मात्र ते कर्तव्यावर नसताना केलेल्या कृत्याबद्दलच मिळते. गटारात गुदमरलेल्या सोबत्याला काढण्यासाठी मागोमाग उतरून स्वतःही मरणारा कंत्राटी मजूर या व्याख्येत पुरेपूर बसतो. त्याची शिफारस करावयाची म्हणजे संरक्षक साधनांवाचून मॅनहोलमध्ये माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असताना त्याला आधी कोणी उतरविले, हे त्याच कागदावर लिहून देणे आले.

माझी सूचना अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. शौर्यपदकाच्या शिफारशीच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवावा: हे शौर्य कोणत्या उणिवेमुळे आवश्यक झाले, आणि ती उणीव दूर करण्याची तजवीज काय केली. रकाना कोरा ठेवता येऊ नये, आणि पदकांची यादी प्रसिद्ध होईल तेव्हा त्यातील मजकूरही तिच्यासोबत प्रसिद्ध व्हावा. यावर असा आक्षेप येईल, की मग शिफारशीच येणार नाहीत, कारण ज्याने शिफारस लिहावयाची त्याच्याच टेबलाच्या खणात जॅकेटांच्या, शिड्यांच्या, श्वसनयंत्रांच्या मागणीचे अर्ज पडलेले असतात. आक्षेप खरा आहे. म्हणून हा रकाना भरण्याचे काम खात्याकडे न ठेवता जिल्हा न्यायाधीशाकडे द्यावे, आणि सहा महिन्यांत न भरल्यास विलंबाचा खुलासा गृहसचिवांकडून मागवावा.

— दप्तरदार