आवाज वाढवलात, पेट्रोलचं काय?

सात रस्त्याच्या सिग्नलला पाच मिनिटं उभे राहा. एखादी 'मॉडिफाय' केलेली बाईक येतेच. सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टरचा डबा काढून तिथे शंकूसारखा फिल्टर. ऐटीत येते आणि सिग्नल सुटला की नेमकी मिसिंग मारते. मागून हॉर्नचा कल्ला. मालक खाली वाकून बघतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, ''पंपावर भेसळ आहे राव!''

हसू नका. मीही हेच म्हणायचो.

माझी बाईक चुलतभावाकडून आलेली, जुनी, कार्बोरेटरवाली. सेकंड इयरला सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही बदलले. मे महिन्यात मित्राला मागे बसवून तुळजापूरला निघालो. घाटात फुल रेस दिली आणि चढावरच इंजिन बंद पडलं. मागे ट्रक होता. त्याने कशीबशी बाजू काढली म्हणून आज हे लिहितोय. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या चाचांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. पांढराफटक! ''काय बे, हवा वाढवलीस, मग पेट्रोल कोण वाढवणार?''

सगळा घोळ या एका प्रश्नात आहे. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. कंपनी त्या हिशोबाने जेट बसवते. मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की हवा वाढते, जेट मात्र तेवढंच राहतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, जास्त ताणलं तर पिस्टन जाम होतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते बनवतात. इथेनॉलला साधारण ९ ग्रॅमच हवा पुरते. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आधीच हवेकडे झुकलेलं असतं. वर सोलापूरचा उन्हाळा. पंपावाल्याला शिव्या देण्याआधी एवढा हिशोब करा.

मग दोष शोधायचा कसा? फुकटातल्या गोष्टी आधी. दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की चालू होते? झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल पाइप दुमडलाय का, कॉकची जाळी तुंबलीय का, बघा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी होती? टाकीत पाणी असू शकतं.

हे सगळं ठीक असेल तर रेसच्या मुठीवर चिकटपट्टीची खूण करा. अगदी थोड्या रेसला अडखळते तर पायलट जेट बघा, मधल्या रेसला अडखळते तर नीडल, फुल रेसला दम सोडते तर मेन जेट. गाडी अडखळत असताना चोक किंचित ओढून सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, तर जास्त होतंय. प्लगही तेच सांगतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, दुधाच्या कॉफीसारखा तपकिरी म्हणजे बरोबर.

''आमची बीएस-६ आहे, इंजेक्शनवाली, ती स्वतःच जुळवून घेते,'' असं म्हणाल. घेते, पण मर्यादेत. ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत दुरुस्ती करतो. फुल रेसला मात्र ईसीयू बहुतेक ठरलेल्या आकड्यांवरच चालतो, आणि ते आकडे कंपनीच्या सायलेन्सरसाठी ठरवलेले असतात.

माझा आक्षेप मॉडिफिकेशनच्या हौसेला नाही. गाडी उघडल्याशिवाय गाडी कळत नाही, हे मलाही मान्य. आक्षेप आहे तो एका दिवसात चार गोष्टी बदलून, बिघाड झाला की पाचवी विकत आणण्याला. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. कोणतं जेट होतं, कोणतं टाकलं, प्लग कसा दिसला. इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला आपण रीडिंग कॉपी करतो, इथे कॉपी चालत नाही.

आणि कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी मूळ सायलेन्सर आणि फिल्टर परत लावला. कॉलनी आता झोपते आणि गाडी घाट चढते.

या रविवारी एवढंच करा. इंजिन थंड असताना प्लग काढा आणि रंग बघा. तो काय सांगतो हे कळत नसेल, तर नव्या सायलेन्सरचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.