सही करण्याआधी सातबारा पाहा

वडील गेल्यावर तेराव्याचे पाहुणे परतायच्या आत घरात एक कागद फिरू लागतो. "ताई, इथे सही कर, तलाठ्याकडे द्यायचाय," एवढंच सांगितलं जातं. तो कधी वारसनोंदीचा अर्ज असतो, तर कधी हक्कसोडपत्राचा मसुदा. पहिल्याने तुमचं नाव जमिनीला लागतं, दुसऱ्याने ते कायमचं निघतं. माझी सगळ्या बहिणींना कळकळीची विनंती आहे, दुःखाच्या दिवसांत जमिनीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. पोटखराब्याच्या तुकड्याबद्दल असला, तरी नको. "घरी नेऊन वाचते, मग सांगते," एवढं म्हणा.

तुमचा वाटा कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं; २००५ च्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. तरीही "वडील २००५ च्या आधीच वारले, मग तुझा काय संबंध?" असं म्हणणारे गावोगावी भेटत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्याचं उत्तर दिलं: ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी आता उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आजी या सगळ्यांना सारखा हिस्सा मिळतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण मुलीचा वाटा त्यांतही आहे.

आता सातबारा हातात घ्या. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो मोबाइलवरही दिसतो, पण त्यावर थांबू नका. त्यात जे फेरफार क्रमांक दिलेले असतात, त्यांच्या नकला काढा. खरी गोष्ट तिथे सापडते. जुन्या फेरफारात मयताचे वारस लिहिलेले असतात. मुलांची नावं कब्जेदार सदरात गेलेली दिसतात आणि मुलींची नावं "इतर अधिकार"मध्ये, किंवा कुठेच नाहीत. कधी थोरल्या चुलत्याच्या नावापुढे "ए.कु.मॅ." अशी तीन अक्षरं असतात. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे तो सगळ्या कुटुंबाच्या वतीने नोंदलेला होता, एकटा मालक म्हणून नव्हे. ही तीन अक्षरं पुसट झालेली असली तरी नक्कल जपून ठेवा.

आणि नाव नाही म्हणून धीर सोडू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिच्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. नाव लावायचं असेल तर मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं देऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमचं नाव वगळून कुणी नोंद टाकत असेल, तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्या. ती तक्रारी नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. तोंडी सांगून आलात, तर त्याचा पुरावा राहत नाही.

हक्कसोडीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. स्थावराचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीपुढे केलेल्या साध्या स्टँप पेपरने तो सुटत नाही. पण एकदा निबंधकासमोर अंगठा आणि फोटो झाला, की "मला वाचून दाखवलं नव्हतं" हे कोर्टात सिद्ध करता करता वर्षं जातात. कुणाला मनापासून भावाला वाटा द्यायचा असेल, तर खुशाल द्यावा. आधी नाव लावून घ्या, मग शांतपणे ठरवा.

"लग्नात खर्च केला की," हे वाक्य प्रत्येकीला ऐकावं लागतं. लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. पण ज्या भावाने आईवडिलांचं दुखणं काढलं, विहीर खोदली, कर्ज फेडलं, त्याचा हिशेब मात्र जरूर मांडावा आणि वाटणीत त्याला तो द्यावा. बहिणीला गप्प बसवून तो वसूल करणं बरोबर नाही. वाटा मागितला म्हणून माहेर तुटेल, या भीतीने कितीजणी साडीचोळीवर समाधान मानतात. मला हे सहन होत नाही.

वाटप म्हणजे लगेच बांध घालणं असंही नाही. तुकडेबंदीमुळे लहान क्षेत्राचे तुकडे पाडायला अडचण येते. अशा वेळी एकाने जमीन ठेवून दुसऱ्याला रक्कम द्यावी आणि तसा दस्त करावा. सगळे राजी असतील, तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप होतं. हक्काबद्दलच वाद निघाला, तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा करावा लागतो. "आधी बघू" म्हणत बसू नका. सामायिक मिळकतीत एकाचा ताबा सगळ्यांसाठी मानला जातो हे खरं, पण तुम्हाला वगळलंय असं उघड कळल्यापासून १२ वर्षांची मुदत चालू होते. म्हणून मागणी लेखी करा, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपा.

वकिलाच्या फीच्या भीतीनेही मागे फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, अर्ज तिथेच द्यायचा. घरातल्यांशी बोलून मिटत असेल, तर प्रकरण लोकअदालतीत ठेवा. तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं. सातबारा, फेरफाराच्या नकला, मृत्यूचा दाखला आणि वंशावळ एका पिशवीत घालून येत्या सोमवारी जा.