रंगांधळेपणा: भरतीच्या तपासणीपर्यंत थांबू नका

तुमच्या मुलाने चित्रातल्या झाडाची पाने तपकिरी रंगवली, तर रागावण्याआधी क्षणभर थांबा. त्याला हिरवा आणि तपकिरी रंग कदाचित सारखेच दिसत असतील.

रंगांधळेपणा म्हणजे सगळे काळे-पांढरे दिसणे, असा अनेकांचा समज आहे. तसे फार क्वचित होते. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतला एक प्रकार नीट काम करत नसेल, तर बहुधा लाल-हिरव्याची गल्लत होते. टोमॅटो कच्चा की पिकलेला, हे रंगावरून कळत नाही. पानांतले लाल जास्वंद पटकन सापडत नाही. निळा-पिवळा मात्र व्यवस्थित ओळखता येतो. हा दोष मुलाला आईकडून मिळतो आणि मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. त्यावर औषध नाही, पण तो वाढतही नाही.

माझे मत स्पष्ट आहे: ही तपासणी शाळेतच व्हावी. रंगीत ठिपक्यांची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. तरीही अनेकांना हा दोष रेल्वे किंवा सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत, वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर कळतो. आधी कळले तर वाट वेळीच ठरवता येते.

वाटाही वाढत आहेत. २०२० पासून सौम्य व मध्यम दोष असणाऱ्यांना वाहन परवाना मिळू शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला अशा विद्यार्थ्यांना सर्व अभ्यासक्रमांत प्रवेश देण्यास सांगितले.

म्हणून मुलाच्या चष्म्याचा नंबर तपासाल, तेव्हा रंगदृष्टीही तपासून घ्या.