आधी हिशेब, मग सौरवीज

धाराशिव जिल्ह्यात वाण आहे ती पाण्याची, उन्हाची नव्हे. मग वीज गेली तरी अभ्यास चालावा, एवढा लहान सौरसंच आपणच का जोडू नये? अवश्य जोडावा. मात्र तो स्वस्तात हवा असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समजा, 5 वॉटचे दोन एलईडी दिवे रोज 4 तास लावावयाचे आहेत. म्हणजे 40 वॉट-तास. मोबाइलसाठी 10 धरा, झाले 50. बॅटरी व तारांत काही ऊर्जा वाया जाते, म्हणून 70 धरू. आपल्याकडील दिवसभराचे ऊन सरासरीने सुमारे 5 तासांच्या प्रखर उन्हाइतके भरते. 70 भागिले 5, म्हणजे 14 वॉट. ढग व धूळ ध्यानात घेऊन 20 वॉटचे पॅनेल घ्यावे. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर खराब होते. म्हणून ती 12 व्होल्ट, 12 अँपिअर-तासांची असावी.

आता एलईडीऐवजी 40 वॉटचे दोन जुने बल्ब घेऊन पाहा. नुसत्या दिव्यांनाच 320 वॉट-तास! पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सहापटीहून मोठी लागतील. खरी काटकसर दिव्यात आहे, ती अशी.

पॅनेल दक्षिणेकडे सुमारे 18 अंश कलते ठेवा. ते तापले की वीज कमी देते, म्हणून खालून हवा खेळू द्या. फ्यूज व चार्ज कंट्रोलर मात्र कधीही गाळू नका. 12 व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर त्या तापून आग लागू शकते. हा संच घरच्या वायरिंगला तर मुळीच जोडू नये.

कोणी म्हणेल, 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत अनुदान मिळते, मग ही खटपट कशाला? पण छपरावरचा बॅटरीविना साधा संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो. अंधारात उपयोगी पडतो तो आपला लहान संचच.

1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात काम उभारणाऱ्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना सौरदिव्यांच्या व्यवसायात उतरविले. त्यांना जे साधले, ते नववी-दहावीच्या वर्गाला का साधू नये? शिक्षकांनी शाळेत असा एक संच जोडवून घ्यावा आणि मुलांनी वर्षभर त्याची नोंद ठेवावी. वॉट-तास पाठ करण्यापेक्षा मोजून शिकलेला बरा.