वय थांबवू नका, लांबवा

‘द सिम्स’ या कॉम्प्युटर गेममध्ये माणसांचं वाढतं वय बंद करून टाका, म्हणजे आवडतं कुटुंब कायम हाताशी राहतं, असा सल्ला नव्यानं खेळणाऱ्या पोरांना सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. २००० सालच्या पहिल्या ‘सिम्स’मध्ये तसंच होतं, लेकरू कायम लेकरूच. २००४ मध्ये ‘सिम्स २’नं बाळपणापासून म्हातारपणापर्यंतचे टप्पे आणले आणि घराला पिढ्या आल्या, आजोबांचं नाक नातवाच्या चेहऱ्यावर दिसू लागलं. वेळ पुरत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. नेहमीच्या वेगानं तिथला दिवस आपल्या २४ मिनिटांत संपतो. ‘सिम्स २’मधलं प्रौढपण २९ दिवसांचं, म्हणजे आपले जेमतेम साडेअकरा तास. तेवढ्यात नोकरी, लग्न, लेकरं उरकायची तर ओढाताण होणारच. पण त्यासाठी ‘सिम्स ४’मध्ये आयुष्य लांब करून घेता येतं. वय बंद करायची गरज पडत नाही.

वय थांबवण्यापेक्षा पिढ्या चालू ठेवणं बरं, हे पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा पट्ट्यात तर चटकन कळावं. झाड लावलं की फळासाठी चार-पाच वर्षं थांबायचं, तोवर मधल्या जागेत आंतरपीक घ्यायचं. पुढं आंबिया धरायचा की मृग, हे ठरवायचं. हावेपोटी दोन्ही बहार धरले की झाड लवकर खंगतं. पाणी तोडून ताण द्यायचा, तोडणीनंतर सल काढायची, मेलेल्या झाडाच्या जागी जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेलं कलम लावून नांग्या भरायच्या. म्हणून जुन्या बगिच्यात एकाच धुऱ्याच्या आत तीन वयांची झाडं उभी असतात, आणि म्हाताऱ्या झाडांचा बहार ओसरला तरी बगिचा चालू राहतो.

जीव लावलेलं माणूस मरताना बघवत नाही, असंही म्हणतात. ते मी समजू शकतो. पण वय थांबवलं की नातवंडंही थांबतात, आणि जीव लावायला नवं माणूस येत नाही. मला जास्त खटकतं ते अर्धवट वाढणारं वय. ‘सिम्स २’मध्ये आपण खेळतो त्याच घरात दिवस सरतात. त्यामुळं आपली पोर आजी होते आणि तिची वर्गमैत्रीण अजून शाळकरीच असते. २००९ च्या ‘सिम्स ३’नं सगळं गाव एकत्र वाढवून हा दोष काढला. ‘सिम्स ४’मध्ये आपली घरं आणि बाकीचं गाव यांच्या वयाची सोय वेगवेगळी आहे. एकच घर खेळणाऱ्यानं दोन्हींकडं वय चालू ठेवावं. आपण वळून न पाहिलेली माणसं परस्पर मरतील, ही भीती चार घरं आळीपाळीनं खेळणाऱ्याला असते. त्यानं फक्त चालू घराचं वय वाढू द्यावं आणि हिशेब ठेवून प्रत्येक घराला सारखेच दिवस द्यावेत. नाहीतर एका घरी नातवंडं खेळतात आणि शेजारी अजून पहिल्या बाळंतपणाचीच तयारी.